शिधा मळेवाल्याचा, कू-कू त्यांचे

बार्बाडोसच्या घराघरांत मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून जो घट्ट, पिवळा, मऊसूत गोळा करतात, त्याला कू-कू म्हणतात. वाडग्याला आतून लोणी चोपडायचे, गरम गोळा त्यात टाकून वाडगा गोल गोल फिरवायचा, की गोळ्याची कड आपोआप गुळगुळीत होते. मग तो ताटात उपडा करून माथ्यावर पळीने खळगा पाडायचा आणि त्यात कांदा, टोमॅटो, थाइम आणि लिंबू घातलेला उडत्या माशाचा रस्सा ओतायचा. हा बार्बाडोसचा राष्ट्रीय पदार्थ. अँटिग्वात आणि व्हर्जिन बेटांवर याच गोळ्याला फून्जी म्हणतात. त्याच्या जन्माची कथा बहुधा एका वाक्यात उरकली जाते: मळेवाले गुलामांना मक्याचा स्वस्त शिधा देत, त्यातून हा गरिबांचा पदार्थ तयार झाला. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा मात्र नकळत सगळे श्रेय कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या त्यांना देऊन टाकतो. शिधा आणि पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडा शिधा कोणी दिला हे मळ्यांच्या हिशेबवह्यांत सापडते. त्याचा पदार्थ कोणी केला हे त्या वह्यांत नाही. तरी ते शोधता येते, आणि शोध घेतला की दिसते ते असे: कू-कू हा मळ्याच्या अर्थव्यवस्थेने दिलेला पदार्थ नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी आपल्या ज्ञानाच्या जोरावर त्या अर्थव्यवस्थेतून तो काढून घेतला.

सुरुवात सतराव्या शतकापासून करावी लागते. बार्बाडोस हे जेमतेम बृहन्मुंबईएवढे बेट. १६२७ मध्ये इंग्रजांनी तिथे वसाहत केली, आधी तंबाखू आणि कापूस लावून पाहिला, आणि १६४० च्या दशकात उसाकडे मोहरा वळवला. साखरेला लंडनमध्ये मिळणारा भाव असा होता की बघता बघता जंगल तोडले गेले आणि जवळजवळ सगळी जमीन उसाखाली गेली. जमैकासारख्या डोंगराळ बेटावर गुलामांना निदान पडीक उतारावर स्वतःचे कंद लावता येत. बार्बाडोस सपाट, तिथे तशी फालतू जमीन उरलीच नाही. त्यामुळे अन्न मळ्याच्या कोठारातूनच यायचे. याच संक्रमणाच्या काळात, १६४७ ते १६५०, रिचर्ड लिगन नावाचा इंग्रज बेटावर राहून गेला. मायदेशी परतल्यावर कर्जापायी तुरुंगात पडला असताना त्याने बार्बाडोसचा इतिहास लिहिला आणि तो १६५७ मध्ये छापला गेला. त्यात लॉबलॉली नावाच्या खाण्याचे वर्णन आहे. मोठ्या उखळात मका कांडायचा, पाण्यात शिजवून दाटसर खिमट करायचे, आणि ते लाकडी परातीत ओतून गोऱ्या करारबंद नोकरांपुढे आणि आफ्रिकनांपुढे ठेवायचे. बहुतेकदा थंडगार, मिठाचा पत्ता नाही. लिगन स्पष्ट लिहितो की आफ्रिकन माणसांना ते मुळीच खपत नसे. ते तक्रार करत, पुन्हा हे नको म्हणत, आणि त्यापेक्षा मक्याची कणसे मागून घेऊन विस्तवावर भाजून खात.

हा उतारा अनेकांनी मळ्यावरच्या हालांचा पुरावा म्हणून वापरला आहे आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्याला फटक्यांच्या धाकाने राबवले जात होते, त्या माणसाला अन्नाबद्दल मत होते आणि ते तो बोलून दाखवत होता. मका त्याला नकोसा नव्हता. कणीस तो आवडीने खात होता. नकोसे होते ते खिमट. यावर कोणी म्हणेल की थंड, अळणी खिमट कोणालाही नकोसेच वाटेल, त्यात आफ्रिकन असण्याचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. लिगनच्या पुस्तकात कू-कूचे नावही नाही, आणि या एका उताऱ्यावरून त्या काळी ते शिजत होते असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की मळ्याने मक्याचा जो पदार्थ करून वाढला तो खाणाऱ्यांनी झिडकारला. म्हणजे आज त्याच लोकांच्या वंशजांच्या ताटात मानाने बसलेला मक्याचा गोळा त्या खिमटातून आलेला नाही. तो कुठून आला, हे मग दुसरीकडे शोधले पाहिजे.

इथे सर्वांत मोठा आक्षेप समोर येतो. मका तर अमेरिकेचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत तो माणसाच्या हाताला लागला, आणि मेझ हे त्याचे युरोपीय नावसुद्धा कॅरिबियनच्याच मूळ रहिवाशांच्या, टाइनो लोकांच्या भाषेतले. मग मक्याच्या पदार्थाला आफ्रिकन कसे म्हणायचे? याचे उत्तर मक्याच्या प्रवासात आहे. सोळाव्या शतकातच पोर्तुगीज खलाशांनी मका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला. १६०२ मध्ये पीटर द मारीस या डच लेखकाने गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्याचे, वर्णन छापले, तेव्हा तिथल्या बायका मका दगडावर वाटून, त्याचे गोळे करून बाजारात विकत होत्या. बार्बाडोसवर इंग्रजांचा झेंडा लागायला अजून २५ वर्षे होती. गोल्ड कोस्ट हा बार्बाडोसला माणसे पुरवणारा एक मुख्य किनारा, आणि गुलामांची जहाजे समुद्र ओलांडण्याआधी शिधा म्हणून मका भरून घेत तोही याच किनाऱ्यावर. म्हणजे जहाजातून उतरलेल्या बाईला मका हे मालकाने दाखवलेले नवे धान्य नव्हते. तिच्या आजीच्या काळापासून ते घरात शिजत होते. टाइनो आणि कालिनागो या मूळ रहिवाशांचे रोजचे अन्न कसाव्याची भाकरी. मका ते लावत, खात, पण घट्ट घोटून गोळा करायचा, चिमटीने तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि फारसा न चावता गिळायचा, ही रीत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची. घानातला बांकू, नायजेरियातला कुटलेल्या कोनफळाच्या जातीच्या कंदाचा घट्ट गोळा, अंगोलातला फुंजे, सगळे याच घराण्यातले. धान्य अमेरिकेतून आफ्रिकेत गेले, तिथल्या रीतीत बसले, आणि ती रीत माणसांबरोबर अमेरिकेच्या दाराशी परत आली.

अंगोलातल्या त्या फुंजेकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. व्हर्जिन बेटांवर फून्जी, अँटिग्वात फून्जी, क्युरासाओत फुन्ची. पहिल्या ठिकाणी डेन्मार्कची सत्ता होती, दुसऱ्या ठिकाणी इंग्लंडची, तिसऱ्या ठिकाणी हॉलंडची. तीन वेगळ्या युरोपीय भाषांच्या अमलाखाली असलेल्या बेटांवर घोटलेल्या पिठाला एकच नाव पडते आणि ते नाव त्या तिन्हींपैकी कुठल्याही भाषेतले नाही. किंबुंदु आणि किकोंगो या अंगोलाच्या बाजूच्या भाषांत मात्र ते आहे. हा योगायोग मानायला मी तयार नाही. कू-कू या शब्दाच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून त्यावर मी भार टाकत नाही. फून्जीवर टाकायला हरकत नाही. कोणी म्हणेल की पीठ आणि पाणी एकत्र आटवण्यात काय ती विद्या? इटलीत पोलेंटा होतो, रुमानियात मामालिगा होते, केनियात उगाली होते. जगात कुठेही पिठाला आधण दिले की असेच काहीतरी होणार. हे खरेच आहे, आणि कू-कूमध्ये फक्त मक्याचे पीठ असते तर मी हा वाद इथेच सोडून दिला असता. पण त्यात भेंडी आहे.

भेंडी हे आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडलेले झाड. इंग्रजीत तिला ओक्रा म्हणतात तो शब्द नायजेरियातल्या इग्बो भाषेतला, आणि अमेरिकेत रूढ असलेला गंबो हा दुसरा शब्द अंगोलाच्या बाजूचा. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती ब्राझीलमध्ये उगवत असल्याची नोंद आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी हे झाड वरदान: खोपटाच्या मागे हातभर जागेत चार बिया टोचल्या की दोनेक महिन्यांत भेंड्या लागतात, उन्हाला झाड डगमगत नाही, आणि दोन-चार भेंड्या झाडावर वाळू दिल्या की पुढच्या वर्षाचे बियाणे घरातच तयार. कोठारातून भेंडी कोणी मोजून देत नव्हते. ज्युडिथ कार्नी आणि रिचर्ड रोसोमॉफ यांनी २००९ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की मळ्याच्या शेतात मालकाची पिके असत आणि आफ्रिकन पिके टिकली ती गुलामांच्या परसात. म्हणजे कू-कूच्या भांड्यात दोन वेगळ्या अर्थव्यवस्था एकत्र येतात. पीठ मळ्याचे, भेंडी परसातली.

आणि या भेंडीचे भांड्यात काम काय, ते पाहिले की पदार्थ कोणाच्या डोक्यातून निघाला हे कळते. आपल्याकडे भेंडीच्या भाजीची सगळी कसरत तार मोडण्यासाठी असते. धुऊन फडक्याने कोरडी करायची, मग चिरायची, झाकण ठेवायचे नाही, वर आमसूल किंवा लिंबू. कू-कू करणारी बाई याच्या नेमके उलट करते. ती भेंडीच्या चकत्या पाण्यातच टाकते, मीठ, कांदा, थाइम घालून उकळते, तार सुटून पाणी बुळबुळीत आणि दाट झाले की गाळून बाजूला ठेवते. तिला हवे असते ते हे पाणी. मक्याचे पीठ आधी गार पाण्यात भिजवलेले असते, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते मंद आचेवर ठेवून त्यात भेंडीचे पाणी थोडे थोडे ओतत घोटायचे; शेवटी चकत्या आत जातात. भेंडीचा चिकट रस पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गोळा थंड झाला तरी कोरडा पडून भुगा होत नाही, भांड्याला कमी लागतो आणि घशाखाली अलगद उतरतो. नुसत्या मक्याचा गोळा घशात अडतो; हा घसरतो. घोटण्यासाठी लाकडाचा चपटा दांडा लागतो, लहान क्रिकेटच्या बॅटसारखा, आणि त्यालाच कू-कू स्टिक म्हणतात. बेटांवर कू-कू ढवळत नाहीत, उलटवतात. तसाच शब्द तिथे वापरतात, कारण पीठ दाटले की ढवळणे शक्य नसते, दांडा कडेने घालून सगळा गोळा आपल्याकडे ओढून पालथा करावा लागतो. घानात बांकूही अशाच चपट्या दांड्याने घोटतात. पोलेंट्याच्या कढईत भेंडीचे पाणी नाही आणि लॉबलॉलीच्या परातीत तर नव्हतेच. बुळबुळीतपणा हा दोष नसून गुण आहे, हे ज्याच्या घरात आधीपासून माहीत आहे तोच स्वयंपाकी असे पाणी गाळून ठेवील. युरोपातून आलेल्या मळेवाल्याच्या स्वयंपाकघरात हे ज्ञान नव्हते.

आता शिध्याकडे वळू, कारण त्याचा निर्दयपणा झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. अठराव्या शतकात बार्बाडोसच्या मळ्यांवर गुलामांना मिळणारे मुख्य धान्य मका आणि गिनी कॉर्न. गिनी कॉर्न म्हणजे आपली ज्वारी, तीही मूळची आफ्रिकेची. तेव्हा त्या खोपटांतला गोळा कधी मक्याचा, कधी ज्वारीचा असणार. भाकरी खाणाऱ्या मुलखातल्या वाचकाला हे धान्य अनोळखी नाही. जोडीला खारवलेली मासळी, आणि तीही उत्तर अटलांटिकच्या बाजारात दुसरीकडे न खपणारा सर्वांत हलका माल. मक्याचे पीठ आणि मासळी मोठ्या प्रमाणावर उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींतून येई. त्या वसाहतींनी १७७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध हत्यार उपसले आणि पुरवठा तुटला. युद्ध चालू असतानाच ऑक्टोबर १७८० मध्ये महाभयंकर चक्रीवादळ आले, त्यात एकट्या बार्बाडोसवर चार हजारांहून अधिक माणसे गेली. साखरेच्या नादात अन्नाची जमीन संपवून बसलेल्या बेटाची किंमत कोणी चुकवली, हे सांगायला नको. त्या वर्षांत मळेवाल्यांना पुन्हा धान्याकडे वळावे लागले.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुलामांच्या पाककौशल्याचे असे कौतुक केले की गुलामगिरीच सुसह्य वाटू लागते. हाल होते, पण बघा त्यातून काय सुंदर घडले, असा सूर लागतो. हा धोका खरा आहे. त्याला उत्तर द्यायचे तर क्राइस्ट चर्च परगण्यातल्या न्यूटन मळ्याच्या दफनभूमीकडे जावे लागते. १९७० च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथे उत्खनन करून १०४ माणसांचे अवशेष अभ्यासासाठी काढले. एकूण सुमारे ५७० जण तिथे पुरलेले असावेत असा अंदाज आहे. त्यांच्या दातांच्या वेष्टनावर आडव्या खाचा सापडल्या. वाढत्या वयात मुलाची उपासमार झाली किंवा ते मोठ्या आजारातून गेले की वेष्टन बनणे थबकते आणि तिथे रेघ उमटते. न्यूटनच्या दातांवरच्या रेघा आईचे दूध तुटल्यानंतरच्या वयाशी जुळतात. दूध तुटले आणि मूल पिठावर आले, अशी ती वेळ. भेंडीने गोळा गिळता येत होता. त्याने पोषणाची तूट भरून निघत नव्हती. चार लाखांहून अधिक आफ्रिकन या एका बेटावर उतरवले गेले आणि १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा गुलामांची संख्या सुमारे ८३ हजार होती. त्यातले बरेच पुढे दुसऱ्या बेटांवर विकले गेले हे धरले तरी आकडा अंगावर येतो. कू-कूने हा गुन्हा कणभरही हलका होत नाही. उलट, ज्यांना केवळ हात समजून विकत घेतले होते त्यांच्याकडे काय विद्या होती हे कळले, की गुन्ह्याचे माप वाढते.

मुक्तीनंतरही शिधा सुटला नाही. डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेंट क्रॉय बेटावर १८४८ मध्ये गुलामगिरी संपली आणि लगेच १८४९ चा मजूर कायदा आला. त्यात मजुरीचा काही भाग मक्याचे पीठ आणि हेरिंग मासळी या रूपात देण्याची सोय होती. त्या कायद्याने वर्षावर्षाच्या करारांत जखडलेल्या मजुरांनी १ ऑक्टोबर १८७८ रोजी उठाव केला. मळे आणि फ्रेडरिकस्टेड गाव पेटले. मेरी थॉमस आणि तिच्याबरोबरच्या बायका आजही तिथे राणी या पदवीने ओळखल्या जातात. मजुरी म्हणून मिळणाऱ्या पिठाविरुद्ध लढलेल्या या लोकांनी फून्जी मात्र टाकून दिली नाही. शिधा आणि पदार्थ यांत ते स्वतः फरक करत होते, याहून ठळक पुरावा मला दिसत नाही. तरीही कोणी म्हणेल की गरिबी होती, दुसरे खाणार काय? मग पुढचे पाहा. १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खणायला सुमारे २० हजार बार्बाडोसकर कराराने गेले, १९५६ पासून लंडनच्या बस आणि रेल्वेसाठी बार्बाडोसमध्ये जाऊन भरती झाली, ब्रुकलिनमध्ये त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पाव, तांदूळ, बटाटा, सगळे हाताशी असलेल्या त्या शहरांत कू-कू अजून शिजते, आणि त्यासाठी लोक मुद्दाम भेंडी शोधत जातात. नाइलाजाचे अन्न नाइलाज संपल्यावर मागे पडते. हे पडले नाही.

राहिला पुराव्याचा प्रश्न. लिगन इंग्रज, द मारीस डच, हिशेबवह्या मळेवाल्यांच्या; ज्या बायकांनी कू-कू घडवले त्यांनी लिहिलेला एक कागद नाही, त्यांना लिहू दिलेच नव्हते. म्हणून त्यांच्याबद्दल काही म्हणणे म्हणजे कल्पना लढवणे, असे कोणी म्हटले तर मला ते मान्य नाही. कागद हा पुराव्याचा एक प्रकार आहे. तीन साम्राज्यांच्या बेटांवर टिकलेला एक शब्द, चपटा दांडा, भेंडीचे गाळून ठेवलेले पाणी आणि दातावरची रेघ, हाही पुरावाच आहे, आणि तो सगळा एकाच दिशेला बोट दाखवतो. कॅरिबियनचा आयुष्यभर अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी म्हटले होते की गुलामांच्या स्वयंपाकात स्वातंत्र्याची चव आधी तयार झाली. मला त्यापुढे एवढेच जोडायचे आहे की ती तयार करणाऱ्या मुख्यतः बायका होत्या, आणि दिवसभर उसात राबून आल्यावर, रात्री दाणे वाटून त्या हे करत होत्या.

हे घरी करून पाहायचे असेल तर अवघड काही नाही. मक्याचे पीठ रव्यासारखे जाडसर घ्यावे, एक वाटी पिठाला साधारण तीन वाट्या पाणी, आठ-दहा कोवळ्या भेंड्या, आणि हाताशी जाड लाकडी कालथा. आच मंद ठेवावी. गोळा भांड्याची कड सोडून कालथ्याबरोबर फिरू लागला की झाले. फक्त एक करावे: आपल्या सवयीने भेंडीचे पाणी मोरीत ओतून देऊ नये.